गाडी आदल्या रात्रीच सुरू होते

जुईनगरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. जुईनगर म्हणजे आमच्या सानपाड्याला लागूनच, त्यामुळे पत्र वाचताना शेजारीणच गॅलरीतून बोलते आहे असं वाटलं. त्यांची लेक कॅनडात सास्काटूनला असते. जानेवारीत तिचं बाळंतपण आहे आणि बाई डिसेंबरात निघणार आहेत. पत्रात प्रश्न पुष्कळ आहेत. स्वेटर किती घ्यावेत, डिंकाचे लाडू टिकतील का, साडी चालेल की नाही. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ आहे, "जावयांची स्वतःची गाडी आहे, त्यामुळे जाण्यायेण्याची काळजी नाही."

ती ओळ वाचली आणि मी निवडत होते ती मेथी बाजूला ठेवली. कारण बाई, काळजी आहे ती तिथेच! लाडवांचं मी शेवटी सांगते. आधी गाडीचं ऐका. आणि ज्यांची लेक-सून कुठल्याच थंड देशात नाही त्यांनीही पान उलटू नका. यात आपल्या स्वयंपाकघरातलं आणि न्हाणीघरातलंही बरंच आहे.

सानपाड्यात आपली थंडी ती काय! जानेवारीत पारा पंधरा-सोळावर आला की आपण शाली काढतो, कानाला मफलर गुंडाळून पामबीच रोडला फिरायला जातो आणि "काय गारठा पडलाय हो" म्हणतो. माझी लेक विनिपेगला असते, म्हणजे सास्काटूनच्या शेजारच्या प्रांतात. तिथे जानेवारीतली नेहमीची रात्र उणे २० च्या आसपास असते. उणे २० म्हणजे किती, ते असं लक्षात ठेवा. आपल्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा साधारण उणे १८ असतो. म्हणजे तिथे बाहेर उभं राहण्यापेक्षा आपल्या बर्फाच्या कप्प्यात बसणं थोडं उबदारच! थंडीची लाट आली की पारा उणे ३०, उणे ३५ पर्यंत उतरतो. अमेरिकेतल्या मुली फॅरनहाइटमध्ये बोलतात आणि कॅनडातल्या सेल्सियसमध्ये, त्यामुळे आपला गोंधळ होतो. पण उणे ४० ला दोन्ही आकडे एकच होतात, हे ध्यानात असू द्या.

त्यात वारा असला की आणखी वेगळं. तिथे हवामानाच्या बातम्यांत वाऱ्यासकट जाणवणारी थंडी निराळी सांगतात. तो आकडा उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, आणि उणे ४० च्या खाली गेला की पाच ते दहा मिनिटांत. म्हणजे बंद पडलेल्या गाडीपाशी हात चोळत उभं राहायला वेळ किती, तर आपला चहा उकळतो तेवढा. म्हणूनच तिथे गाडी ही चैन नाही. ती सुरू होते की नाही, यावर जिवाची गोष्ट अवलंबून असते.

आता माझी फजिती सांगते. फजिती म्हणते खरं, पण त्या रात्री हसण्यासारखं काही नव्हतं.

मी गेले होते २०१९ च्या जानेवारीत. तुम्हाला आठवत असेल, त्या महिन्याच्या शेवटी उत्तर अमेरिकेवर ध्रुवाकडची थंडी अशी काही उतरली की ३० जानेवारीला शिकागोत पारा जवळजवळ उणे ३१ वर गेला. विनिपेग तर शिकागोच्याही कितीतरी उत्तरेला! लेकीचे दिवस भरत आले होते. मी घर नीट लावत होते, डिंक तळत होते, कणकेचा शिरा करत होते, आणि सगळ्या आया करतात तेच करत होते. म्हणजे लेकीच्या संसारातला खर्च कुठे कमी करता येईल ते बघत होते.

गेल्या गेल्या एक गंमत पाहिली होती. तिथे बहुतेक गाड्यांच्या नाकातून एक विजेची वायर लोंबत असते. पुढच्या जाळीतून बाहेर आलेली, टोकाला तीन पिनांचा प्लग. दुकानांच्या, ऑफिसांच्या आवारात गाड्या लावायच्या जागी ओळीने खांब, आणि खांबाखांबावर प्लग लावायची सोय. मी जावयांना म्हटलं, "अगंबाई, इथे सगळ्या गाड्या विजेवर चालतात की काय?" ते हसले. म्हणाले, "नाही आई, गाड्या पेट्रोलच्याच. रात्री त्यांना शेक द्यावा लागतो." मला वाटलं, थट्टा करतात.

थट्टा नव्हती, बरं का. त्या वायरीच्या आतल्या टोकाला एक छोटा हीटर असतो. त्याला ब्लॉक हीटर म्हणतात. इंजिनाभोवती खेळणारं पाणी तो कोमट ठेवतो. पाणी म्हणजे साधं नव्हे, न गोठणारं औषध घातलेलं. उणे १५ च्या खाली पारा जाणार असेल तर रात्री गाडी प्लगला लावायची, ही तिथली रीतच. ही सोय झाली नव्हती तेव्हा तिकडचे लोक रात्री इंजिनातलं तेल काढून डब्यात भरून घरात आणत, बॅटरीही सोडवून आणत, आणि सकाळी चुलीवर तेल गरम करून पुन्हा ओतत. विनिपेगच्या दक्षिणेला, सीमेपलीकडे नॉर्थ डकोटात ग्रँड फोर्क्स नावाचं गाव आहे. तिथल्या अँड्र्यू फ्रीमन नावाच्या गृहस्थांनी असा हीटर बनवून १९४९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून या भागातल्या लोकांचे हाल कमी झाले.

पण हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की मागच्या दाराशी, बुटांच्या फळीवर भिंतीत एक बटण आहे आणि त्याचा लाल दिवा रात्रभर जळत असतो. आता सांगा, आपल्यातली कुठली बाई झोपायच्या आधी घरातली बटणं बघत फिरत नाही? गॅस बंद, गीझर बंद, गॅलरीतला दिवा बंद. चाळीस वर्षांची सवय. मी त्या रात्री उशिरा पाणी प्यायला उठले, तो लाल दिवा पाहिला, आणि खट्कन बटण बंद केलं. वर मनात म्हटलंही, "आजकालच्या मुलांना विजेची किंमतच नाही."

पहाटे तीनला लेकीला कळा सुरू झाल्या.

बॅग भरलेली होती, कागदपत्रं तयार होती, सगळं तयार होतं. जावई कोट-बूट चढवून गाडी काढायला गेले. मी दाराच्या काचेतून बघत होते. बाहेर उणे ३० च्या खाली. गाडीतून आवाज आला, "घुर्र... घुर्र...", मग नुसतंच "टक्", मग तेही नाही. दोन मिनिटांनी ते आत आले. काही बोलले नाहीत, फक्त त्या बटणाकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला ठाऊक नाही, कारण मी खाली मान घातली होती.

आता गाडीला झालं काय, ते मी पुढे जावयांकडून आणि गॅरेजच्या माणसाकडून नीट समजून घेतलं. तुम्हाला आपल्याच भाषेत सांगते. खोबरेल तेल थंडीत थिजतं, बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही, हे आपण दर डिसेंबरात बघतो. इंजिनातलं तेल तितकं थिजत नाही, पण मधासारखं घट्ट होतं. म्हणजे इंजिन फिरवायला एरवीपेक्षा जास्त जोर लागतो. जोर द्यायचा बॅटरीने, आणि नेमकी तीच थंडीने गळाठलेली! उणे १८ ला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते किंवा त्याहूनही खाली जाते. तिच्या आतली रासायनिक क्रियाच मंदावते. अंबवायला ठेवलेलं इडलीचं पीठ थंडीत येत नाही ना, तसंच समजा. काम दुप्पट आणि अंगात बळ निम्मं, मग गाडी उठणार कशी? बटण चालू असतं तर इंजिन कोमट राहिलं असतं, आणि गाडी बहुधा पहिल्या झटक्यात उठली असती.

बटण आता चालू करून उपयोग नव्हता. इंजिन कोमट व्हायला दोन ते चार तास लागतात. टॅक्सीला फोन केला तर तास-दीड तास लागेल म्हणाले. अशा रात्री अर्ध्या गावाच्या गाड्या बसलेल्या असतात, टॅक्सीवाला तरी किती ठिकाणी पुरणार? ॲम्ब्युलन्सचा नंबर, ९११, लेकीने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलेला होता. पण तिचं म्हणणं, कळा अजून लांब लांब आहेत, आधी दुसरं बघू. ती हॉलमध्ये खुर्चीवर बसून घड्याळ लावून कळा मोजत होती आणि मलाच म्हणत होती, "आई, घाबरू नकोस गं."

जावई म्हणाले, "शेजारच्या आजींकडे गाडी आहे. पण पहाटेचे सव्वातीन वाजलेत..." आणि थबकले. आपल्याकडे विरजण मागायला शेजारचं दार वाजवताना आपण विचार करत नाही. पण परमुलुखात, पहाटे, सत्तरीच्या बाईंचं दार? त्यांना संकोच वाटला. मला वाटला नाही असं नाही, पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. चूक माझी होती. मी म्हटलं, "तुम्ही तिच्यापाशी थांबा. मी जाते." आणि गेले. साडीवर लेकीचा लांब कोट, पायात जावयांचे बूट. तीस पावलं असतील, पण नाकातला ओलावा तेवढ्यात कडक झाला आणि श्वास टोचायला लागला.

आजींनी दार उघडलं. मला इंग्रजी जेमतेम. मी "बेबी" म्हटलं आणि गाडीकडे बोट केलं. त्यांनी एक शब्द विचारला नाही. झग्यावर कोट घातला, खिळ्यावरच्या किल्ल्या घेतल्या, आणि गाडीच्या डिकीतून लाल-काळ्या जाड वायरी काढल्या. त्यांची गाडी प्लगला लावलेली होती, ती लगेच सुरू झाली. बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली नाही ना, हे त्यांनी आधी टॉर्चने पाहिलं. मग लाल चिमटा आमच्या बॅटरीच्या अधिक खुणेला, लाल वायरीचं दुसरं टोक त्यांच्या बॅटरीच्या अधिक खुणेला. काळी वायर त्यांच्या उणे खुणेला, आणि तिचं शेवटचं टोक आमच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून दूर, कारण ठिणगी उडाली तर ती बॅटरीजवळ उडू नये. काही मिनिटं त्यांची गाडी तशीच चालू ठेवली. मग जावयांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि उठली! मी त्या बाईंचे हात धरले, म्हणजे हातमोजे धरले. त्या म्हणाल्या ते मला जावयांनी नंतर सांगितलं, "अशा रात्री दार वाजवायचं नाही, तर मग कधी वाजवायचं?"

वाटेत गाडीची चाकं धडधड करत होती. मला वाटलं, झालं, आता पंक्चर! पण तेही थंडीचंच. रात्रभर एका जागी उभं राहून टायरची खालची बाजू चपटी होऊन तशीच कडक होते, आणि थोडं अंतर चालल्यावर पुन्हा गोल होते. लोक गमतीने त्यांना चौकोनी चाकं म्हणतात. त्या रात्री ती गंमत मला कळली नाही. मी मागच्या सीटवर लेकीची पाठ चोळत होते आणि गणपतीला म्हणत होते, एवढं एक पदरात घाल, पुन्हा कुणाच्या बटणाला हात लावणार नाही.

आम्ही वेळेवर पोचलो. सकाळी नात झाली. दोघी सुखरूप.

खरं सांगू? बटण मी बंद केलं होतं, हे मी तोंडाने दोन दिवस सांगितलं नाही. जावयांना कळलेलं होतंच, पण त्यांनी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी लेकीच्या हातात शिऱ्याची वाटी देताना मलाच राहवलं नाही. ती ऐकून घेत राहिली, मग म्हणाली, "आई, मी पण इथे आले तेव्हा पहिल्या हिवाळ्यात तेच केलं होतं. तुला सांगायला हवं होतं, माझंच चुकलं." एवढं बोलून ती शिरा खायला लागली. मला मात्र उठून मोरीकडे जावं लागलं, डोळे पुसायला.

मैत्रिणींनो, मी पुष्कळ विचार केला. माझी काटकसर चुकीची नव्हती. सहाशे वॅटचा हीटर दहा तास जळला तर सहा युनिट जातात, हे काही थोडं नाही. पण त्याचाही तिथे उपाय आहे. टायमर लावायचा, म्हणजे निघायच्या तीन-चार तास आधी हीटर आपोआप सुरू होतो आणि वीज वाचते. जावयांनी मग तो आणला. फक्त घरात दिवस भरलेली बाई असेल तेव्हा टायमर नको, रात्रभर चालू राहू द्यावा, कारण बाळ वेळ विचारून येत नाही. चूक कुठे झाली, तर बटण कशाचं आहे हे मी विचारलं नाही. म्हणून जुईनगरच्या बाईंना माझा पहिला सल्ला स्वेटरचा नाही. लेकीच्या घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी तिच्या हाताला धरून घरभर फिरा आणि एकेक बटण विचारून घ्या.

दुसरा सल्ला नातवंडाला घरी आणायचा. यावरून माझी आणि लेकीची खरी वादावादी झाली. मी सानपाड्याहून कुंची, दुपटी, जुन्या साड्यांची मऊ गोधडी नेली होती. बाहेर एवढी थंडी, मी बाळाला जाडजूड गुंडाळून तयार ठेवलं. तिथे बाळाला मांडीवर घेऊन गाडीत बसता येत नाही. मागे तोंड केलेल्या कार सीटमध्ये पट्टे लावूनच न्यावं लागतं, तसा कायदा आहे. लेक म्हणाली, "आई, हे जाड कपडे काढ." मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला?" पण कारण ऐकलं आणि गप्प बसले. जाड कोटावर किंवा दुपट्यावर पट्टा आवळला की तो घट्ट वाटतो, पण धक्का बसला तर आतला कापूस क्षणात दबतो आणि पट्टा सैल पडतो. मग बाळ त्यातून निसटू शकतं. म्हणून अंगात पातळ कपडे, त्यावर पट्टा नीट आवळलेला, आणि पट्ट्याच्या वरून पांघरूण. माझी गोधडी वाया गेली नाही, ती वरून आली. तोंड मात्र झाकायचं नाही, आणि गाडी उबदार झाली की पांघरूण कमी करायचं. तान्ह्याला जास्त उकडणंही वाईट.

आता जावयांच्या गाडीबद्दल चार गोष्टी, ज्या तुम्ही तिथे आठवणीने विचाराव्यात. सासूबाई म्हणून नव्हे, घरातलं मोठं माणूस म्हणून.

बॅटरी किती वर्षांची आहे? हिवाळ्याच्या तोंडी ती तपासून घेतली का? पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० लाही गोठत नाही, पण पार उतरलेली उणे १० च्या आसपासच गोठते. भरलेल्या बॅटरीत तीव्र आम्ल असतं, उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं. आणि गोठलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीने झटका द्यायचा नाही, ती फुटू शकते.

टायर हिवाळ्याचे आहेत का? साध्या टायरचं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं, कुकरची जुनी रिंग होते तसं. मग ते रस्ता धरत नाही. क्वेबेक प्रांतात तर २००८ पासून हिवाळ्यात हिवाळी टायर सक्तीचे आहेत. हवाही बघायला हवी, कारण थंडीने टायरमधली हवा आपोआप कमी भरते. रस्त्यावर मीठ टाकतात ना, असं कुणी म्हणेल. पण फार थंडीत, उणे अठराच्या खाली, मीठही हात टेकतं, नुसती वाळू टाकावी लागते.

पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. वाटेत अडकलात तर तेच पेट्रोल ऊब देतं.

समोरच्या काचेवर बर्फ साचलं तर खरवडायचं, गरम पाण्याचा तांब्या ओतायचा नाही. हा मोह आपल्याला हमखास होतो. काच तडकते, आणि नाही तडकली तर तेच पाणी गोठून दुप्पट बर्फ होतं. काच धुवायचं निळं पाणी मिळतं, ते दिसायला सरबतासारखं, पण विषारी असतं. त्यात मिथेनॉल असतं. घरात लहान मूल असेल तर ते फळीवर उंच ठेवा.

आणि डिकीत एक खोका हवा. त्यात फावडं, थोडी वाळू, जंपर केबल, टॉर्च, घोंगडी, जादा मोजे, खोल डब्यात ठेवलेली मेणबत्ती आणि काड्यापेटी. एक मेणबत्तीसुद्धा बंद गाडीत बरीच ऊब देते, फक्त खिडकी जराशी उघडी हवी. खाऊ म्हणून मी त्यात गुळाची शेंगदाणा चिक्की ठेवली. ती आंबत नाही, विटत नाही. थंडीने दगड होते, तेवढे दात सांभाळा!

बर्फात गाडी अडकलीच तर गाडी सोडून चालत निघायचं नाही. गाडी सापडते, माणूस सापडत नाही. मागच्या धुराच्या नळीभोवतीचं बर्फ आधी काढायचं, मगच इंजिन सुरू करायचं, तेही तासाला दहाएक मिनिटं, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी बोटभर उघडी ठेवून. नळी बुजली तर धूर गाडीत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. म्हणूनच बंद गॅरेजात गाडी चालू ठेवून गरम करणं हेही जिवावरचं काम.

इथे मी सगळ्याच मैत्रिणींना थांबवते. हाच वायू आपल्याकडे न्हाणीघरात असतो. गॅसचा गीझर आत, दार बंद, थंडी म्हणून खिडकीही बंद, आणि अंघोळीला गेलेलं माणूस बाहेर येत नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात आपण वाचतो. गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, हवेशीर जागी हवा. तसा नसेल तर आधी बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच आत जा. खिडकीची फट पुठ्ठ्याने बुजवली असेल तर आजच काढा.

आता राहिलेले प्रश्न. स्वेटर एक जाड घेण्यापेक्षा पातळ तीन घ्या, थरांमध्ये हवा राहते आणि तीच ऊब देते. सर्वांत आतला कपडा सुती नको, सुती ओला झाला की ओलाच राहतो. साडी घरात खुशाल नेसा, बाहेर जाताना आतून गरम विजार घाला. चार बोटं एकत्र राहतील असे मोजे पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार. न्हाऊन ओल्या केसांनी दाराबाहेर जाऊ नका, केस गोठून काड्या होतात. लाडू न्या, तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारातून खारीक-खोबरं-डिंक घेऊन इथेच वळून न्या. पण बॅगेत खाण्याचं जे काही असेल ते विमानतळावर प्रामाणिकपणे सांगा, लपवू नका.

आणि हो, सहा महिने जाताय, तुमची इथली गाडी सोसायटीत उभी राहणार. आपल्याकडे बॅटरीचं आयुष्य खातो तो उन्हाळा, आणि उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरतच राहते. आठवड्याला अर्धा तास कुणीतरी गाडी फिरवेल अशी सोय करा, नाहीतर मेकॅनिककडून बॅटरीची वायर सोडवून ठेवा.

हे सगळं वाचून घाबरू नका बरं. आपल्याला हे अवघड नाही. उद्या इडली हवी तर आज डाळ भिजते, सकाळी दही हवं तर रात्री विरजण लागतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तिथली गाडीही तशीच. ती सकाळी किल्लीने सुरू होते असं दिसतं, पण खरं तर आदल्या रात्रीच सुरू झालेली असते. रात्री झोपताना गॅस बघाल, दाराची कडी बघाल, तसाच तो लाल दिवाही बघा. बंद करायला नव्हे, चालू आहे ना म्हणून.

आमच्या विनिपेगच्या घरी त्या बटणाखाली लेकीने कागद चिकटवला आहे. मराठीत लिहिलं आहे, "आई, हे राहू दे." नात आता अक्षरं जुळवायला लागली आहे. तिने वाचलेलं पहिलं मराठी वाक्य तेच.